नारू गेला, जंत राहिले
(शाळकरी मुलांच्या पिण्याच्या पाण्याविषयी थोडी माहिती)



उसावरच्या किडींबद्दल या पत्रकात आपण नेहमीच वाचतो. खोडकिडा कधी लागतो, हुमणीचे भुंगेरे कोणत्या झाडावर बसतात, औषध कधी टाकायचे, हे आता आपल्या घरातली पोरंसुद्धा सांगतात. पण त्याच पोरांच्या पोटातली कीड कुठून येते, असे विचारले तर बहुतेक घरी उत्तर मिळते, "गोड जास्त खाल्लं म्हणून जंत झाले." साखर कारखान्याच्या सभासदाने तरी हा आरोप गोडावर करू नये! जंत गोडाने होत नाहीत. काही मातीतून येतात आणि बरेचसे पाण्यातून. या लेखात पाण्यातून येणाऱ्यांबद्दल मुख्यतः सांगावयाचे आहे.

सुरुवात नारूपासून करू. आज तिशीत असलेल्या सभासदाने नारू पाहिलेला नसेल, पण घरात सत्तरीच्या पुढचे कोणी असतील तर त्यांना विचारावे. नारू म्हणजे सुतळीसारखा पांढरा, हातभर ते दोन हात लांब जंत. माणसाच्या अंगात तो वर्षभर मुकाट्याने वाढतो आणि मग बहुधा गुडघ्याखाली, पायाच्या घोट्याजवळ फोड येऊन तिथून डोके बाहेर काढतो. ओढून काढावा तर तुटतो, आणि तुटला की पाय सुजतो, पू होतो. म्हणून काडीला गुंडाळून रोज दोन बोटे, तीन बोटे असा हळूहळू बाहेर काढीत. त्यात आठवडे जात. मोठा माणूस असेल तर ऐन पेरणीत खाटेवर, आणि शाळेतला मुलगा असेल तर त्याची शाळा बंद. यावर औषध नव्हते आणि आजही नाही. लसही नाही. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही, असेही नाही.

मग तो गेला कसा? तेच समजून घेण्यासारखे आहे, कारण हुमणीचा बंदोबस्त ज्या रीतीने करावयाचा असतो, त्याच रीतीने हा झाला. हुमणीची अळी जमिनीत खोल असताना तिच्या मागे लागून फार हाती लागत नाही. पहिल्या वळवानंतर भुंगेरे कडुनिंबावर, बाभळीवर येतात तेव्हा ते गोळा केले की पुढची पिढीच होत नाही. प्रत्येक किडीच्या आयुष्यात अशी एक नाजूक वेळ असते. नारूची नाजूक वेळ पाण्यात होती.

नारूचा फोड आला की पायाची आग आग होते. आग शमावी म्हणून माणूस पाय पाण्यात घालतो. पाय पाण्यात बुडाला की नारूची मादी त्याच क्षणी लाखो बारीक पिल्ले पाण्यात सोडते. ही पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा एक बारीकसा जलकीटक असतो. पेल्यातले पाणी उजेडाला धरले तर तो पांढऱ्या ठिपक्यासारखा उड्या मारताना दिसतो. हा कीटक ती पिल्ले खातो. दोनेक आठवड्यांत पिल्लू त्याच्या पोटात तयार होते. तेच पाणी दुसरा माणूस पितो, पोटातल्या आम्लाने कीटक मरतो, पिल्लू मात्र सुटते आणि आतड्याची भिंत भेदून अंगात शिरते. वर्षाने पुन्हा फोड. रशियन शास्त्रज्ञ फेडचेंको याने मध्य आशियात 1870 च्या सुमारास या कीटकाचा यातला हात ओळखला होता. म्हणजे कारण कळल्यानंतरही रोग शंभर वर्षे टिकला. नुसते कळून भागत नाही, त्याचे हे उदाहरण.

आता आपल्या मराठवाड्यातली जुनी बारव डोळ्यांपुढे आणा. दगडी बांधकाम, सुबक कमानी, आणि पायऱ्या थेट पाण्यापर्यंत. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की बायामाणसे, पोरे पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालूनच घागर बुडवणार. ज्याच्या पायाला फोड तोही तिथेच, आणि ज्याला पाणी प्यायचे तोही तिथेच. बारव बांधणाऱ्यांनी पुण्यकर्म म्हणून बांधली, वाटसरूची सोय पाहिली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण नारूला याहून सोयीची जागा दुसरी नव्हती. ज्या आडाला कठडा आहे, वर रहाट आहे, तिथे माणसाचा पाय पाण्याला लागत नाही. तिथे हे चक्र आपोआपच तुटते. फरक फक्त पायऱ्यांचा.

सरकारने 1983-84 मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू केला. त्या वेळी सात राज्यांत हा रोग होता, त्यात आपला महाराष्ट्रही होता. 1984 साली देशात सुमारे 40 हजार रुग्ण मोजले गेले. कामे साधीच होती. घरोघर जाऊन रुग्ण शोधायचा, त्याच्या फोडावर पट्टी बांधायची आणि त्याला पाण्यात उतरू द्यायचे नाही. पायऱ्या बंद करून विहिरीला कठडा बांधायचा. पाण्यात टेमेफॉस नावाचे औषध ठराविक प्रमाणात टाकून सायक्लॉप्स मारायचा. आणि घरात पाणी दुहेरी कापडाने गाळून प्यायचे. कीटक कापडावर अडकतो, नारूही तिथेच अडकतो. देशातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ डोळ्यांत तेल घालून शोध घेतला गेला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. जगात 1986 मध्ये अंदाजे 35 लाख लोकांना नारू होता. 2024 साली साऱ्या जगात 15 माणसांना झाला, तोही आफ्रिकेतल्या चाड आणि दक्षिण सुदान या देशांत.

या कामात हापशाचा वाटा फार मोठा, आणि ही गोष्ट आपल्या भागाने अभिमानाने सांगावी अशी आहे. 1972 च्या दुष्काळात विहिरी आटल्या आणि महाराष्ट्रात जागोजाग बोअर घेतले गेले. पण त्या वेळचे हातपंप टिकत नसत. एका घरापुरते बनवलेले पंप साऱ्या गावाने हापसले की महिन्यात मोडत. तेव्हा जालन्यात आणि सोलापुरात, मिशनच्या लोकांनी तिथल्या कारागिरांना धरून मजबूत पंप तयार केले होते. जालना पंप आणि सोलापूर पंप या नावांनी ते ओळखले जात. त्यातल्या सोलापूर पंपाच्या धर्तीवर पुढे युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू हा हापसा निघाला आणि आज तो आशिया-आफ्रिकेतल्या कित्येक देशांत दिसतो. शाळेच्या आवारातल्या हापशावर पोरे लोंबकळतात, तो याच घराण्यातला.

कालव्याच्या पाण्याबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण ऊस आणि कालवा यांचे नाते सगळीकडे सारखेच. आफ्रिकेत बिल्हार्झिया नावाचा रोग आहे. त्याचा जंत पिण्यातून नव्हे, कातडीतून शिरतो. पाण्यातल्या गोगलगायीत तो वाढतो आणि पाण्यात पोहणाऱ्या, धुणे धुणाऱ्या माणसाच्या कातडीला भोक पाडून आत जातो. एका प्रकारात पोरांच्या लघवीतून रक्त जाते. सुदानमध्ये गेझिरा येथे कालव्यांचे मोठे जाळे झाले आणि कापूस पिकू लागला, त्याबरोबर कालव्यात गोगलगायी वाढल्या आणि शाळेतल्या मुलांमध्ये हा रोग पसरला. टांझानियात मोशी गावाच्या दक्षिणेला अरुशा चिनी येथे मोठे ऊसमळे आहेत, तिथेही पाटाच्या पाण्यात हेच झाले. पाणी आले, पीक आले, पैसा आला आणि रोगही आला.

आपल्याकडे हा रोग नाही, असेच डॉक्टर मानीत. पण 1952 साली डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातील गिमवी या गावी त्याचा ठाव लावला. गावच्या ओढ्याशी संबंध, लघवीतून रक्त, आणि ओढ्यात एक बारीकशी गोगलगाय. उपचार करून आणि गोगलगायींचा बंदोबस्त करून तो तिथेच आवरला गेला. भारतात या रोगाचे नाव निघाले की अजूनही गिमवीचेच नाव निघते. सिद्धेश्वरच्या किंवा इसापूरच्या पाण्यात पोरे डुंबली म्हणून बिल्हार्झिया होईल, अशी भीती कोणी बाळगू नये. बुडण्याची भीती मात्र जरूर बाळगावी.

आता जे गेले नाहीत त्यांच्याकडे वळू.

पहिला जियार्डिया. हा सुतळीएवढा तर नाहीच, नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. तो लहान आतड्याच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतो. तिथेच अन्नातला, विशेषतः स्निग्ध पदार्थांचा रस शोषला जात असतो. हा तिथे बसला की खाल्लेले अंगी लागत नाही. लक्षणे अशी: पोट फुगते, गुरगुरते, घाण वासाची, तेलकट, पाण्यावर तरंगणारी संडास होते, चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा सुरू. काही पोरांना दूध पचेनासे होते. ताप फारसा नसतो, रक्त पडत नाही, म्हणून घरचे लक्ष देत नाहीत. "याचं पोट नाजूकच आहे" म्हणून सोडून देतात. पोरगं मात्र वजनाला वाढत नाही, वर्गात पेंगते, महिन्यातून चार दिवस घरी बसते. खत-पाणी सगळे वेळेवर आहे आणि खोडवा तरी पिवळा, असे झाले तर आपण मुळी उपटून पाहतो की नाही? पोराच्या बाबतीतही पाहावे. ग्रामीण रुग्णालयात संडासची तपासणी होते. एका तपासणीत सापडले नाही म्हणजे नाही, असे नसते. वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा नमुना द्यावा. औषधाने हा चांगला बरा होतो, पण ते डॉक्टरांनीच द्यावयाचे. दुकानातून "जुलाबाची गोळी" आणून भागवू नये.

दुसरा अमीबा. आमांश म्हणतो तो यानेही होतो. पोटात मुरडा, चिकट आव, कधी रक्त. तो आतड्यात घाव करतो आणि कधी कधी रक्तावाटे यकृतात जाऊन तिथे गळू करतो. मोठ्या माणसाला उजव्या बरगडीखाली दुखते आणि ताप उतरत नाही, तेव्हा हेही कारण असू शकते. दोन्ही एकाच वाटेने येतात. रोग्याच्या विष्ठेतून कवच असलेली बीजे बाहेर पडतात, ती पाण्यात पडतात आणि दुसऱ्याच्या तोंडात जातात. हे कवच चिवट असते, ओलाव्यात कित्येक दिवस टिकते. जियार्डियाचे तर थंड पाण्यात आठवडेच्या आठवडे. मूठभर लागत नाहीत. जियार्डियाची दहा-वीस बीजेही पुरतात.

इथे नारूचा अनुभव थोडा आड येतो. कापडाने गाळले की पाणी शुद्ध, ही समजूत नारूच्या काळात बरोबर होती. सायक्लॉप्स कापडात अडकत असे. जियार्डियाचे बीज त्याच्या मानाने इतके बारीक की कापडातून ते सहज जाते. गोफणीने पाखरे हाकलता येतात, मावा हाकलता येत नाही. गाळण्याने गाळ आणि कचरा जातो, तेवढ्यासाठी जरूर गाळावे, पण गाळून थांबू नये.

क्लोरीनचेही असेच. ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते. तिने पटकी, विषमज्वर यांचे जंतू मरतात आणि म्हणूनच ती कधीही चुकवू नये. पण जियार्डिया, अमीबा यांची कवचे तिला दाद देत नाहीत; क्लोरीन जास्त लागतो आणि वेळही जास्त लागतो. ज्या घरात लहान मूल सारखे आजारी पडते, त्या घराने पाणी उकळूनच द्यावे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवले की ही सर्व कवचे निकामी होतात. दहा-पंधरा मिनिटे जळण जाळण्याची गरज नाही. नंतर त्याच भांड्यात झाकून गार करावे आणि ओगराळ्याने घ्यावे. उकळलेल्या पाण्यात पोराने हात घालून पेला बुडवला, तर गॅस फुकट गेला म्हणून समजावे.

ज्या सभासदांच्या घरी स्वतःच्या विहिरीचे पाणी पितात, त्यांच्यासाठी टीसीएलचा हिशोब देतो. विहिरीचा व्यास फुटांत मोजावा, त्याला त्यानेच गुणावे, पाण्याच्या खोलीच्या फुटांनी गुणावे आणि 22 ने गुणावे, लिटर निघतात. व्यास 12 फूट आणि पाणी 10 फूट असेल तर 12 × 12 × 10 × 22, म्हणजे 31,680 लिटर. हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली पावडर धरली तर जवळजवळ 80 ग्रॅम झाली. गढूळ पाण्याला जास्त लागते, त्याचे प्रमाण गावच्या जलसुरक्षकाला किंवा आरोग्य सेवकाला विचारून घ्यावे. पावडर तशीच विहिरीत उधळू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, मग पाणी वाढवावे, पाच-दहा मिनिटांत चुना खाली बसतो, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ते विहिरीत सोडावे आणि बादली वरखाली करून ढवळावे. तासभर ते पाणी कोणी पिऊ नये. शक्यतो रात्री टाकावे, म्हणजे सकाळपर्यंत काम झालेले असते. उघड्या पोत्यातली वर्षापूर्वीची पावडर असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. ती टाकणे म्हणजे चुना टाकणे. ग्रामपंचायतीकडे ओ.टी. तपासणीचे औषध असते. त्याचे थेंब टाकून पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, नाही झाले तर नाही. ही तपासणी गावच्या शेवटच्या टोकाच्या नळावर करावयास सांगावे. टाकीजवळच्या नळावर पाणी नेहमीच पिवळे होते!

नळाचे पाणी म्हणजे बिनधोक, असेही नाही. 2019 पासून जल जीवन मिशनमध्ये घरोघर आणि शाळांतही नळ देण्याचे काम झाले, ते चांगलेच. पण पाणी दिवसाआड किंवा चार दिवसांनी येते. पाणी बंद असताना पाइपात दाब नसतो. गटाराशेजारी सांधा गळका असेल, तर दाब असताना जे पाणी बाहेर झिरपते तेच दाब गेल्यावर घाण घेऊन आत ओढले जाते. म्हणून पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे पिण्यासाठी भरू नये. सांडण्यासाठी, जनावरांसाठी भरावे. आणि गळती दिसली की ग्रामपंचायतीत सांगावे, गावठी डागडुजी करून रबर गुंडाळून ठेवू नये.

शाळेतल्या जंताच्या गोळीबद्दल एक गैरसमज सर्रास आहे. 2015 पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात आणि 1 ते 19 वर्षांच्या मुलांना शाळेत, अंगणवाडीत अल्बेंडॅझोलची गोळी देतात. मोठ्या मुलांना 400 मिलिग्रॅमची पूर्ण, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. ही गोळी मातीतून येणाऱ्या जंतांवर आहे: गोल जंत, चाबूक जंत, आणि अनवाणी पायातून शिरून रक्त पिणारा आकडी जंत. त्या दिवशी पोराला मुद्दाम शाळेत पाठवावे. पण या एका गोळीने जियार्डिया किंवा अमीबा जात नाही. "गोळी दिली होती की" म्हणून जुलाबाकडे दुर्लक्ष करू नये.

शेवटचा मुद्दा आपल्या फडातला आहे आणि तो थोडा कडू लागेल. गळीत हंगामात टोळ्या येतात, कोयत्यांबरोबर त्यांची पोरेही येतात. टोळी जिथे उतरते तिथे पिण्याचे पाणी कोणते, हे आपल्यापैकी किती जण पाहतात? चारीतले, पाटातले, किंवा ज्या विहिरीत वरून सगळे वाहून येते तिथले पाणी ती पोरे पितात. संडासाची सोय नाही, म्हणून त्याच चारीच्या काठाने बसतात. पुढच्या पाळीला पाणी सुटले की ते सारे खालच्या शेतकऱ्याच्या रानात, तिथल्या भाजीपाल्यात आणि तिथल्या पोरांच्या ओंजळीत. "टोळीवाल्यांनी घाण केली" असे म्हणणे सोपे आहे. चारीकाठी आपल्या गावची माणसेही बसतात, आणि ज्याच्या उसाला तोड आली त्याच्या बोअरवरून झाकणाचा एक पिंप भरून फडावर ठेवणे, त्याला तोटी बसवणे, हा खर्च उसाच्या एका खेपेच्या मानाने काहीच नाही. तोटी महत्त्वाची, कारण पिंपात हात बुडणार नाही. गोरेगाव भागात विहिरी-बोअरवरचा ऊस असल्याने हे करणे कालव्याखालच्या गावांपेक्षा सोपेच आहे. तळाजवळच्या बोअरवर तात्पुरता आडोसा आणि शोषखड्डा केला, पण तो विहिरीपासून 50 फुटांच्या आत येऊ दिला नाही, तर विहीरही वाचते.

शाळा व्यवस्थापन समितीत आपले बरेच सभासद आहेत. शाळेची पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, ती तारीख टाकीवरच रंगाने लिहिण्याची पद्धत काही शाळांत आहे. ती सगळीकडे सुरू करावी. टाकीचे झाकण, पेल्याऐवजी तोटी, संडासाशेजारी हात धुण्यासाठी पाणी आणि साबण, एवढे जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी पाहावे, कारण पहिल्या पावसाचे वाहते पाणी विहिरीत उतरते आणि जुलाबाची साथ बहुधा त्याच महिन्यात सुरू होते.